शिशाचा सहावा तुकडा

रबरी पोशाख मांड्यांपर्यंत चढला,
कमरेशी अडला.
चुन-हाने मागून ओढला, मी पोट आत घेतलं,
तरी चेन बेंबीपाशी येऊन
हट्टी तट्टासारखी उभी राहिली.

दान-आ तेव्हा साडेतीन महिन्यांची.
जेजूच्या या गावात शंखांचा हंगाम तोंडावर,
आणि बुडी मारणाऱ्या बायकांत सगळ्यात तरुण मी
(बाकीच्या साऱ्या साठीपुढच्या)
खडकावर लंगोट वाळत घालत होते.

मग भात सोडला.
रात्रीचं जेवण सोडलं.
सासूबाईंनी रांधलेलं शेवाळाचं सूप
मोरीत ओतलं, वर पाणी सोडलं,
वास राहू नये म्हणून.
नऊ दिवसांत तीन किलो.
चेन लागली!
आरशासमोर मी पाठमोरी उभी राहून
मान मुरगळेपर्यंत स्वतःला पाहिलं.

दहाव्या दिवशी डाव्या स्तनात गाठ,
सुपारीएवढी, सुपारीसारखीच.
तिन्हीसांजेला ताप.
दान-आ ओढायची, सोडायची,
पुन्हा ओढायची,
मग माझ्याकडे बघत राहायची
दुकान बंद दिसल्यावर
पायरीवर थांबलेल्या गिऱ्हाइकासारखी.

आरोग्य केंद्रातली मुन गी-रान रागावली नाही.
रागावली असती तर बरं झालं असतं.
तिने आधी विचारलं,
दिवसाला लंगोट किती ओले होतात?
मी मोजले नव्हते.
मी स्वतःला मोजत होते, दिवसातून दोनदा.

"घट्ट कपड्याने दूध तुंबलं, उपासाने आटलं,
एकाच वेळी दोन्ही कसं काय जमवलंस?"
मी रडता रडता हसले.
मग तिने पेन्सिलीने लिहून दिलं,
पेनने नाही, कारण बाळागणिक बदलतं म्हणे:
आठवड्याला अर्धा किलो, फार तर.
जास्त उतरलं तर मला फोन कर.
तीनदा जेव. मधे भूक लागली की पुन्हा जेव.
ती जाहिरातीतली पावडर केराच्या डब्यात.
सूप रोज वाटीभर, तीन वाट्या नकोत.
पाजायला बसलीस की हाताशी पाणी हवं.
आणि खाली, दोनदा अधोरेखित:
नऊ महिने चढलेलं नऊ दिवसांत उतरत नसतं.

गाठ विरली, औषधाने
आणि दान-आच्या चिकाटीने.

चुन-हाने आपला जुना पोशाख दिला,
गुडघ्यावर ठिगळ, मला दोन बोटं सैल.
"चरबी तरंगते, पोरी," ती म्हणाली,
"शिसं वाढव."
माझ्या पट्ट्यात पाच तुकडे असायचे.
तिने सहावा ओवला.
गंमत बघा, हलकी व्हायला निघालेली बाई
कमरेला आणखी जड बांधून
समुद्रात शिरली.

खाली गेले.
तिथे वजन नसतं कुणालाच,
ना मला, ना शंखाला, ना त्या नऊ दिवसांना.
फक्त छातीतली हवा संपत आल्याचं कळतं,
आणि किती वेळ थांबायचं
हे लोभाने ठरवायचं नसतं,
हे आमच्यात पहिल्या दिवशीच शिकवतात.
मी ते पाण्याखाली पाळत आले होते.
ताटावर विसरले.

वर आले, लांब शीळ घातली,
तेवढ्यात बंधाऱ्यावर कुणाचंतरी पोर रडलं.
माझं नव्हे.
तरी त्या गार पाण्यात
पोशाखाच्या आत पान्हा फुटला,
कढत, मूर्खासारखा, कुणाच्याही हाकेला ओ देणारा.
मी तरंगत हसत सुटले.
चुन-हाला वाटलं, मोठा शंख सापडला.

चेन अजून पुरती लागत नाही.
दोन आठवडे काटा हललाच नाही,
एका आठवड्यात उलटा चढला
(सासऱ्यांची साठी, डुकराचं मटण, काय करणार).
पण काल पट्टा बांधताना
बुडी नीट लागली पाचच तुकड्यांवर.

सहावा घरी आणला.
इथला वारा खिडकीतून सगळं उडवतो,
म्हणून तो दान-आच्या वजनाच्या कार्डावर ठेवलाय.
कालच्या तारखेपुढे: सात किलो दोनशे.
तिला तो चाटायचा असतो.
मी रोज आणखी उंच ठेवते.